आधी पंगत मोजा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या सूचनेवरून थोडा नीटनेटका केला आहे. बाकी जसं बोललो तसंच.)

अध्यक्ष महोदय, सेक्रेटरी, खजिनदार, ए आणि बी विंगमधले माझे सगळे शेजारी, माहेरपणाला आलेल्या लेकी, आणि पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे नव्हे तर माझ्या मागच्या टेबलाकडे टक लावून बघणारी बालमंडळी,

समितीनं मला वीस मिनिटं दिली आहेत. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य साडेसहानंतर मावळतो, आणि आपल्यातल्या बऱ्याच घरांत सूर्यास्तानंतर तोंडात काही घालत नाहीत. त्यामुळे आज माझ्यावर घड्याळाचा नाही, थेट सूर्याचा पहारा आहे. बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला तीन वाजता काउंटर बंद करायची सवय असते, म्हणून काळजी नसावी.

विषय आहे 'थीम प्लॅटर'. हा शब्द मी पहिल्यांदा डिसेंबरच्या सभेत ऐकला. रौप्यमहोत्सवाला खाऊ काय द्यायचा यावर चर्चा चालली होती. नेहमीप्रमाणे समोसा, वेफर, एक बर्फी आणि कागदी खोका, असं ठरतच आलं होतं. तेवढ्यात बी विंगमधल्या आपल्या दोन कॉलेजच्या मुली उठल्या आणि म्हणाल्या, खोका नको, आपण सगळे मिळून एक मोठा थीम प्लॅटर करू या. म्हणजे काय, तर एक विषय घ्यायचा आणि त्या विषयाचं सबंध चित्र खाण्याच्या पदार्थांतून मोठ्या ताटात मांडायचं. मोबाइलवर फोटोही दाखवले. परदेशात त्याला शार्कुटरी बोर्ड म्हणतात म्हणे. माझी मुलगी न्यू जर्सीला असते, तिनं फोनवर सांगितलं की तो शब्द मूळचा मांसाच्या खारवलेल्या कापांचा, पण आता लोक चॉकलेटच्या ताटालाही तेच म्हणतात. सभेत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण गणपतीतल्या मोदकांचा हिशोब गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. असा मी यात पडलो.

पण मुलींनो, तुम्हाला त्या दिवशी म्हटलं ते आज सगळ्यांसमोर म्हणतो. हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. तुमच्या पणज्यांनी तो केलेला आहे. फक्त त्याचं नाव रुखवत होतं.

ज्यांना रुखवत म्हणजे लग्नाच्या हॉलमधलं कोपऱ्यातलं टेबल, त्यावर थर्माकोलचा डोलीवाला आणि मिक्सरचा खोका एवढंच माहीत आहे, त्यांना सांगतो की खरं रुखवत खायचं असायचं. चिरोट्यांचं कमळ, करंज्यांच्या होड्या, चकल्यांची बैलगाडीची चाकं, शेवेचं गवत, बुंदीच्या लाडवांचा डोंगर, साखरेचं तुळशीवृंदावन. सप्तपदीची सात पावलं सात पदार्थांची. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाला बाळाला घालतात ते हलव्याचे दागिने हीसुद्धा त्याच जातीची कला. तिळावर मंद आचेवर थेंब थेंब पाक सोडत, हातानं हलवत बसायचं, थंडी असेल तर काटा छान येतो, दिवसच्या दिवस जातात, आणि शेवटी हार, बाजूबंद, मुकुट सगळं खाऊन टाकायचं. आणि तिसरी चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत कुठल्या तरी दिवशी हळदीकुंकू, पायऱ्यापायऱ्यांची आरास, कलिंगडाचं कोरलेलं कमळ, फराळाच्या पदार्थांची बाग, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. थीम म्हणा, प्लॅटर म्हणा, यात काय कमी आहे?

आमच्या घरात ही कला माझ्या आत्याची. आम्ही मूळचे वाईचे. आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि माघारी आली ती कायमची. मी म्हणतोय तो काळ १९६० च्या आसपासचा. आळीतल्या निम्म्या लग्नांचं रुखवत आत्याच्या हातचं असायचं. लग्नाआधी आठ दिवस तिला बोलावणं यायचं. ती चकलीचं चाक असं वळायची की त्याला आरे असायचे. करंजीच्या होडीला चिरोट्याच्या पदराचं शीड लावायची. आणि काम सुरू करण्याआधी यजमानीणबाईंना तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पान किती?" म्हणजे पंगतीला माणसं किती, त्यात म्हातारी किती, पोरं किती, उपासवाले किती. कुणी म्हणालं की आत्याबाई, आधी काय काय करणार ते तर सांगा, तर ती म्हणायची, "आधी पंगत मोजू दे, मग मांडायचं बघू."

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडवात जायचं. सवाष्णी ते वाजतगाजत न्यायच्या. आत्या मागच्या दारी, चुलीपाशी. तिनं समोर यायचं नाही असा रिवाज होता आणि तो कुणी तिला सांगावाही लागत नसे. ती मला पाठवायची. मी दहा वर्षांचा असेन. "बघून ये रे, चाक निसटलं नाही ना? विहीणबाई काय म्हणाल्या?" मी धावत जायचो, धावत यायचो, आणि तिला सांगायचो की सगळे कमळाला वाखाणतायत. ती "बरं" म्हणायची आणि भांडी आवरायला लागायची. तिनं केलेलं एकही रुखवत मांडलेलं असताना तिनं समोरून पाहिलं नाही. मी वाई सोडून नोकरीसाठी मुंबईला आलो, गिरगावात खोली घेतली, लग्न झालं, माझ्या लग्नातलं रुखवतही तिनंच केलं. तेव्हा मात्र माझ्या आईनं तिला हाताला धरून मांडवात आणली. थोडी कुजबुज झाली. दोन बायका उठून गेल्या. जेवायला मात्र दोघी होत्या.

हे मी आज का सांगतोय? कारण पान किती हा प्रश्न नुसता आकड्याचा नाही हे मला त्या मागच्या दारानं शिकवलं. ज्यानं केलं तो पंगतीत आहे का, हेही मोजावं लागतं. आपल्या सोसायटीत पहिली काही वर्षं चैत्रातलं हळदीकुंकू व्हायचं, तेव्हा ज्यांचे यजमान गेले त्या काकू हळूहळू यायच्या बंद झाल्या. कुणी "येऊ नका" म्हटलं नव्हतं, पण कुणी "या" असंही म्हटलं नव्हतं. मग महिला मंडळानं पद्धत बदलली. निमंत्रणावर 'डाळ-पन्ह्याची संध्याकाळ' असं लिहिलं, प्रत्येक दारावर टकटक केली, आणि प्रत्येक बाईच्या हातात मोगऱ्याचा गजरा दिला. पुढे २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि तो पेपरात गाजला, तेव्हा मला आपल्या मंडळाचा अभिमान वाटला होता. ठराव-बिराव न करता आधीच करून मोकळ्या झाल्या होत्या.

असो. सूर्याकडे लक्ष आहे माझं.

थीम काय घ्यायची यावर चार सभा झाल्या. लहान मुलांना डायनासोर हवा होता. कुणी ताजमहाल म्हणालं. मी म्हटलं, आपण २००० साली इथे आलो तेव्हा आजूबाजूला काय होतं ते मांडू या. तेव्हा महानगरपालिकाही नव्हती, ती २००२ साली झाली. गच्चीवरून मिठागरं दिसायची. टँकरची वाट बघत आपण बादल्या घेऊन उभे असायचो, आणि निम्म्या ओळखी तिथेच झाल्या. आताच्या मुलांना मीठ पिशवीतून येतं. म्हणून ठरलं, 'आपलं भाईंदर'. मिठागर, खाडी, रेल्वेचा पूल, उत्तनच्या होड्या आणि धारावीचा किल्ला. धारावी म्हणजे मुंबईतली नव्हे, मुलांनो. आपल्या चौक गावाजवळचा, खाडीच्या तोंडाशी. पलीकडे वसईचा किल्ला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेत या धारावीलाही महत्त्व होतं.

मग मी आत्याचा प्रश्न विचारला, पान किती? दोन विंग, सात मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे छप्पन्न घरं. पाहुणे धरून एकशे ऐंशी माणसं. हे गणित सोपं. अवघड गणित पुढे होतं, आणि ते मला बांनी शिकवलं. तळमजल्यावरच्या आपल्या बा. वय माझ्याहून दहानं जास्त, आणि चेकिंगच्या बाबतीत आमच्या बँकेच्या ऑडिटरपेक्षा कडक.

मला वाटत होतं, जैन घरांसाठी कांदा, लसूण, बटाटा वगळला की झालं. बा म्हणाल्या, गाजर? बीट? मुळा? ओलं आलं? जमिनीखाली वाढतं ते सगळं गेलं. म्हणजे लाल रंगासाठी बीट नाही, शिडासाठी गाजराची चकती नाही. हळद आणि सुंठ वाळलेली, ती आमच्याकडे चालते, म्हणाल्या. मग पांढऱ्या ढोकळ्याचं पीठ रात्री भिजवून आंबवायचं ठरलं होतं, त्यावर त्यांनी मान हलवली. रात्रभर ठेवलेलं काही घरांत चालत नाही. ठीक, मग रवा आणि दही, त्याच दिवशी, सोडा घालून. होड्यांत भरायला चक्का आणि डाळ्याचं कूट, यावर तर त्यांनी हातच जोडले. कच्चं दही आणि द्विदल धान्य एकत्र खायचं नाही, असा त्यांचा नियम. बेसन, डाळं, मूग, उडीद, सगळं द्विदल. म्हणजे चक्क्यात डाळं नाही, आणि चक्क्याच्या होडीवर उडदाच्या पापडाचं शीडही नाही! माझ्या वहीतला सगळा आराखडा खोडून झाला.

दुसरं, सी.ए. करणाऱ्या आपल्या जोडप्याचा मुलगा. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. ती पथ्यापाण्याची नसते, ओठ सुजतात, श्वास अडकतो, दवाखाना गाठावा लागतो. त्याची आई दर वाढदिवसाला त्याचा वेगळा डबा घेऊन येते आणि तो पोरगा कोपऱ्यात बसून स्वतःच्या डब्यातलं खातो. पाच वर्षं आपण सगळे हे बघतोय. या वेळी ठरवलं की मोठ्या ताटात दाणा नाही, दाण्याचं कूट नाही, शेंगदाणा तेल नाही. घरी जे होईल ते सूर्यफुलाच्या तेलात आणि धुतलेल्या कढईत. त्याची आई काल स्वतः येऊन डबे, पिशव्यांवरची बारीक अक्षरं, सगळं तपासून गेली. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. ज्याला धोका आहे त्याच्या माणसालाच चेकर नेमा, हे मी तुम्हाला अगदी आग्रहानं सांगीन. आपण कितीही प्रेमानं केलं तरी खात्री त्यांची पटली पाहिजे.

मग आपण मधुमेहवाले. हात वर करू नका, मला आकडा माहीत आहे. आणि पुढच्या आठवड्यात रमजान सुरू होतोय. आपल्याकडे काहींचं खाणं सूर्य मावळण्याआधी संपतं आणि काहींचं मावळल्यावर सुरू होतं. छप्पन्न घरांच्या सोसायटीत कार्यक्रमाची वेळ ठरवणं हे अर्थसंकल्प मांडण्यापेक्षा कठीण आहे, हे खजिनदारसाहेबही मान्य करतील.

आता समोर जे दिसतंय ते कसं केलं, ते सांगतो. बऱ्याच जणींनी विचारलंय.

ताट म्हणजे आपल्या मंडपवाल्याच्या दोन मोठ्या पराती आणि मधे केळीच्या पानांनी झाकलेलं प्लायवूड. डावीकडे मिठागर. खऱ्या मिठागरात भरतीचं पाणी बांधाबांधांच्या कप्प्यांत घेतात, उन्हानं पाणी उडतं, मीठ खाली बसतं आणि ते ओढून ढीग लावतात. इथे बांध खमणाच्या पट्ट्यांचे, कप्प्यांत खोबरं-कोथिंबिरीची हिरवी चटणी, आणि ढीग म्हणजे पांढऱ्या ढोकळ्याचे त्रिकोण, वरून ओल्या नारळाचा चव. चटणीत आलं-लसूण नाही, तरी लिंबू, जिरं आणि मिरचीवर ती उभी राहते. खमणात दही न घालता लिंबाचा रस घातलाय. एका ट्रेमध्ये सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस वड्या पडतात. माणशी दोन धरल्या तर तीनशे साठ, म्हणजे साडेसात ट्रे. आठ केले.

मधली खाडी म्हणजे काकडीच्या पातळ चकत्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक. तिच्या एका टोकाला होड्या. काकडी उभी कापायची, चमच्यानं गर काढायचा, आणि चक्का, खोबरं, जिरेपूड, मीठ भरायचं. चक्का रात्रभर न टांगता सकाळी टांगला. शीड ढोबळ्या मिरचीच्या त्रिकोणाचं, लाल आणि पिवळं. उत्तनच्या होड्यांवर बावटे फडकतात तसं. काकडीला मीठ आधी लावू नका, पाणी सुटतं आणि होडी बुडते. होड्या बेसनापासून लांब ठेवल्यात, बांच्या हुकमानं.

दुसऱ्या टोकाला पूल. भाईंदर आणि नायगावच्या मधे गाडी खाडी ओलांडते, मधे पाणजू बेट लागतं, तो पूल. खांब चकल्यांच्या चवडीचे. वरून बारा डब्यांची लोकल, प्रत्येक डबा म्हणजे चटणी-सँडविचचा लांबट तुकडा, चाकं काकडीची. ही गाडी भाईंदरला थांबते आणि बसायला जागा मिळते, एवढी कल्पनाशक्ती आम्ही वापरली आहे.

उजवीकडे किल्ला. तो मुलांनी केला. दिवाळीत आवारात माती कालवून किल्ला करतात, त्यांना काही शिकवावं लागलं नाही. तट शंकरपाळ्यांचा, बुरूज रव्याच्या लाडवांचे. सगळं गोड किल्ल्यातच कोंडलंय, म्हणजे माझ्यासारख्यांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. पण तटाची खाडीकडची बाजू खाऱ्या शंकरपाळ्यांची आहे, तेवढी शिबंदी आपण फोडू शकतो.

या सगळ्यात दोन गोष्टी मी हट्टानं पाळल्या. ताटात खाता येणार नाही अशी एकही वस्तू नाही. टूथपिक नाही, कागदी झेंडा नाही, थर्माकोल तर नाहीच. २०१८ पासून राज्यात त्यावर बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी येऊ दिलं नसतं. लहान मूल बघून नाही, हात घालून खातं. आणि दुसरं, सगळा माल ताटात मांडायचा नाही. ताटात साठ माणसांपुरतं. बाकीचं मागे झाकलेल्या डब्यांत, आणि जसं खपेल तसं भरायचं. चक्क्याच्या होड्या बर्फावर ठेवलेल्या ट्रेमध्ये आहेत. दुपारच्या उन्हात दह्याचं काही तासाभरावर बाहेर ठेवू नये. मांडण्याचा क्रमही उलटा वाटेल असा आहे. आधी कोरडा गोड किल्ला, मग ढोकळे, मग काकडी, आणि कुरकुरीत ते अगदी शेवटी. चकल्यांचे खांब पावणेपाचला उभे राहिले. फोटोसाठी आदल्या रात्री मांडलेलं ताट सकाळी फक्त फोटोपुरतंच उरतं.

आता ते टेबलाच्या टोकाचं वेगळं छोटं ताट. त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यावरून सभेत आवाज चढले होते.

उत्तनला माहेर असलेल्या आपल्या आंटी म्हणाल्या, उत्तन दाखवताय आणि वाळत घातलेले बोंबील नाहीत? मग ते उत्तन कसलं? बांबूच्या वलांडीवर ओळीनं लटकलेले बोंबील ज्यानं पाहिलेत त्याला आंटींचं म्हणणं पटेल. खरे बोंबील आणायचं कुणीच म्हणत नव्हतं. आंटींची कल्पना अशी होती की वलांडी करू या आणि त्यावर दुसरं काही तरी टांगू. त्यावर दोन-तीन जण म्हणाले, शाकाहारी ताटात माशाचा आकारसुद्धा नको. त्यावर आंटी म्हणाल्या की पंचवीस वर्षं सोसायटीच्या प्रत्येक कार्यक्रमात आम्ही तुमचं खाल्लं, आता आमचं गाव चित्रातही नको का? सभा गप्प झाली. मीही गप्प होतो, कारण आंटींचा प्रश्न मला रास्त वाटत होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बा कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. त्या म्हणाल्या, "फाफडा लटकवा. ज्याला बोंबील दिसेल त्यानं बोंबील समजून खावा. मला तर फाफडाच दिसणार." आणि मग आंटींकडे वळून विचारलं, की तुमच्याकडे ते वाळायला किती दिवस लागतात? नंतर दोघी पापड आणि बोंबील कावळ्यांपासून कसे राखायचे यावर अर्धा तास बोलत होत्या. सभेचं इतिवृत्त लिहिताना सेक्रेटरींनी फक्त 'चर्चेअंती मंजूर' एवढंच लिहिलंय.

तर ती वलांडी सोललेल्या उसाच्या बारीक कांड्यांची, आणि आडवे घातलेत ते फाफडे. ताट वेगळं अशासाठी की फाफडा बाहेरून आणलाय आणि त्याच्या तेलाची आम्हाला खात्री नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी तिकडे जायचं नाही, तिथे लाल चिठ्ठी आहे. बाकी सगळीकडे चिठ्ठ्या आहेत. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत. कंद नाही, साखर आहे, दही आहे, असं साधं लिहिलंय. वाचा आणि मगच उचला.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट बोलतो, वयाचा फायदा घेऊन. सामाईक ताटात जो सर्वात कमी गोष्टी खाऊ शकतो त्याची मर्यादा सगळ्यांनी पाळायची, हे मला मान्य आहे. वारीत चालताना म्हाताऱ्याच्या पावलानं दिंडी चालते, तसंच हे. मी गिरगावात मासे खायला शिकलो, आणि आज या ताटात मासा नाही याचं मला काही वाटत नाही. पण हा नियम सामाईक ताटापुरता. तो उचलून कुणाच्या घराच्या दाराला लावायचा नाही. आपल्या भागात फ्लॅट विकताना, भाड्यानं देताना काय काय विचारलं जातं ते आपण सगळे जाणतो. पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीनं ते विचारलेलं नाही. लिफ्टमध्ये तळणीचा वास आला की कुणाच्या घरी काय शिजतंय ते कळतं, आणि आपण चौथ्या मजल्यावर उतरून आपल्या घरी जातो. सहकारी कायदा १९६० चा, त्याखाली आपली नोंदणी २००० ची. त्यात सभासदाच्या कढईबद्दल एक अक्षर नाही. नवीन समितीत येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं ही विनंती.

कोण कोण राबलं त्यांची नावं स्मरणिकेत स्वतंत्र पानावर दिली आहेत. पण पान उलटून नाव वाचणं वेगळं. म्हणून ज्यांनी ज्यांनी काल रात्रीपासून हात लावलाय त्या सगळ्यांनी, पंधरा बायका, चार पुरुष आणि किल्ल्याची टोळी, आधी टेबलाच्या समोर या. मागून नाही, समोरून. दोन मिनिटं उभं राहून आपण काय केलंय ते बघा. मोबाइलवाल्यांनी तेवढ्यात फोटो काढून घ्या, नंतर किल्ला राहणार नाही.

त्यानंतरची व्यवस्था अशी. ज्यांना सूर्यास्ताच्या आत खायचंय ते पहिले, बा, तुम्ही पुढे या. मग मुलं. मग बाकीचे. द्रोण आणि पत्रावळी उजव्या हाताला, पळसाच्या आहेत, वापरून झाल्यावर हिरव्या डब्यात. चमचा एका पदार्थातून दुसऱ्यात घालू नका, विशेषतः चक्क्यातून बेसनाकडे. ज्यांना रात्री भूक लागते त्यांच्यासाठी दोन डबे बाजूला काढून ठेवलेत. त्यांची किल्ली माझ्याकडे आहे, आठपर्यंत मिळेल.

पाच वाजून एकतीस. सूर्य अजून वर आहे. लाडवाचा वरचा बुरूज कोण उचलणार यावर टोळीत भांडण चाललंय ते मला इथून ऐकू येतंय. त्याचा निकाल खजिनदार देतील.